मागच्या बाकावरून उठून गेलेले

महोदय,

फेब्रुवारीतल्या नाशिकरोडच्या बाळ येशू यात्रेच्या गर्दीचे फोटो वर्तमानपत्रांत हमखास येतात. मी त्या गर्दीत आता न दिसणाऱ्यांबद्दल लिहितो आहे. आमच्या धर्मग्रामातली, म्हणजे पॅरिशमधली, काही कॅथलिक घरं मिस्सा ही आमची रविवारची उपासना सोडून नव्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये जाऊ लागली आहेत. त्यात माझा धाकटा भाऊही आहे.

यावर आमच्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘पैशाचं आमिष, चमत्काराचा नाद.’ भावाच्या बाबतीत ते खोटं आहे. उलट तोच तिकडे दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, देतो. भावजय सव्वा महिना दवाखान्यात होती. रविवारी चर्चमध्ये तिचं नाव एकदा वाचलं गेलं, तेही आडनाव चुकवून. त्या मंडळीचे पास्टर मात्र रोज संध्याकाळी यायचे, बायका डबा आणायच्या. फादरांना एकट्याला बोल लावत नाही. शेकडो घरं, वाड्यावस्त्यांवरच्या मिस्सा, वर शाळेचा कारभार. ओळख जुळेपर्यंत बदलीही होते. पण भाऊ सिद्धांत वाचून गेला नाही हे खरं. पवित्र मरियेच्या भक्तीवरून वाद घालायला तो नंतर शिकला! तिकडे पहिल्याच महिन्यात त्याला साक्ष द्यायला, म्हणजे आपला देवाचा अनुभव सगळ्यांसमोर सांगायला, उभं केलं. इकडे चाळीस वर्षं तो मागच्या बाकावर बसून ‘आमेन’ म्हणत होता.

प्यू रिसर्च सेंटरने २०१४ मध्ये लॅटिन अमेरिकेची पाहणी प्रसिद्ध केली. कॅथलिक सभा (चर्च) सोडून प्रॉटेस्टंट झालेल्यांपैकी ८१ टक्के लोकांनी देवाशी अधिक जवळचं नातं हवं होतं, असं कारण दिलं. हे सगळं परदेशी खूळ म्हणावं, तर १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये असंच जागरण, म्हणजे उत्कट प्रार्थनेची लाट, आली होती. आणि टाळ्या, साक्षी, मोठ्याने प्रार्थना हे १९६७ पासून आमच्याच सभेतल्या, पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या कॅरिस्मॅटिक चळवळीतही आहेच.

माझी तक्रार तिकडेही आहे. भावाला पाण्यात बुडवून पुन्हा बाप्तिस्मा दिला. मग आईच्या कडेवर असताना झालेला स्नानसंस्कार, म्हणजे पहिला बाप्तिस्मा, काय होता? पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने प्रॉटेस्टंट मंडळीत झालेला बाप्तिस्मा आमची सभा मान्य करते, तो पुन्हा देत नाही. नाशिकमधल्याच शरणपूरच्या जुन्या प्रॉटेस्टंट घरांशी आमचा असा वाद कधी झाला नाही. नाताळचा फराळ इकडून तिकडे जायचा, एवढंच.

मी राहिलो तो ख्रिस्तप्रसादासाठी, मिस्सेतल्या त्या पवित्र भाकरीसाठी, जिच्यात आम्ही प्रत्यक्ष ख्रिस्त मानतो. त्याला ख्रिस्ताची नुसती आठवण म्हणणं मला जमणार नाही.

गेल्या रविवारी मिस्सेला न दिसलेल्या दोन घरी मी स्वतःहून गेलो. एका घरी चहा मिळाला. दुसऱ्या घरच्या आजींनी दारातच विचारलं, “वर्गणी राहिली का आमची?”

– एक कॅथलिक वाचक, नाशिकरोड