संस्कृती मंत्र्यांना खुले पत्र: उत्खननातली हाडे फेकू देऊ नका

मा. संस्कृती मंत्री महोदय,
स. न.

उत्खननाच्या परवान्यात दोन अटी वाढवाव्यात, अशी आमची मागणी आहे. माती चाळणे सक्तीचे करावे आणि जनावरांची हाडे टाकून देण्यास मनाई करावी.

माणसाने जनावरामागे धावणे सोडून त्याला दावणीला कधी बांधले, हे कुणी लिहून ठेवलेले नाही. तो हिशेब हाडांत आहे, आणि चुकीच्या वेचणीने तो उलटाही वाचला जातो. हाडे आकाराने लहान होत गेली की शेळी माणसाळली, असे पूर्वी मानत. इराणमधल्या गंज दरेह या प्राचीन वस्तीतल्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या हाडांनी वेगळेच दाखवले. बोकड कोवळ्या वयात कापले जात आणि माद्या वीणीसाठी राखल्या जात. मोजमाप मात्र पूर्ण वाढलेल्या हाडांचे होते. त्यांत माद्याच जास्त, म्हणून कळप लहानखुरा भासत होता.

वय कळते ते हाडांच्या टोकांवरून. वाढत्या जनावरात लांब हाडाचे टोक दांड्यापासून सुटे असते, मध्ये कूर्चा असते. शेळीच्या पुढच्या पायात कोपराच्या वरचे टोक साधारण वर्षभरात सांधते, तर गुडघ्याकडचे टोक सांधायला तीनेक वर्षे लागतात. कोवळ्या करडाचे सुटे टोक गोटीएवढे भरते. हाताने वेचताना ते खडा म्हणून ढिगाऱ्यावर जाते. मग नोंदीत म्हातारी जनावरेच उरतात, आणि मांसासाठी पाळलेला कळप कागदावर दुधालोकरीचा ठरतो!

सगळी माती चाळणे परवडत नाही, हे मान्य. प्रत्येक थरातून किमान ४० लिटर माती ४ मिमी जाळीतून चाळावी आणि त्यातली १० लिटर १ मिमी जाळीवर पाण्याने धुवावी. मासे, पक्षी, उंदीर तिथेच सापडतात. घरउंदीर दिसला तर लोक एका जागी टिकून राहत होते, असा अंदाज बांधता येतो. चिकणमाती कोरडी चाळू नये, कारण ढेकळे घासताना हाडे मोडतात.

धुण्यासाठी मऊ ब्रशच हवा. ताठ ब्रशाने सुरीचे बारीक घाव पुसले जातात आणि नवे ओरखडे उमटतात. वाळवण सावलीत करावी, कारण उन्हात हाड तडकते. ओलसर हाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधले की बुरशी धरते. थर आणि खड्डा यांची चिठ्ठी आतही हवी, बाहेरही. बाहेरची शाई पुसली जातेच. डीएनए तपासणीसाठी काही हाडे न धुता, हातमोजे घालून वेगळी ठेवावीत. डिंक किंवा वॉर्निश लावलेल्या हाडाची कार्बन कालमापनासाठी शुद्धी करणे किचकट होते.

‘ही हाडे किती वर्षे सांभाळायची?’ असे हमखास विचारले जाते. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ मध्ये एक पुरुष व एक स्त्री यांच्या सांगाड्यांसोबत एक जबडा मिळाला होता. तो कुत्र्याचा असल्याचे १९७०च्या दशकाच्या शेवटी ठरले. दातांवरच्या खुणांवरून ते पिल्लू आजारी होते आणि माणसांनी त्याची शुश्रूषा केली असावी, हा अभ्यास २०१८ मध्ये आला. १४,००० वर्षांपूर्वीचे ते नाते कळायला हाडे शंभर वर्षे खोक्यात टिकावी लागली.

म्हणून परवान्याच्या अर्जात हाडे तपासणाऱ्याचे नाव, त्याच्या कामाचा खर्च आणि साठवणीची जागा, असे तीन रकाने वाढवावेत. ते कोरे असतील तर अर्ज परत पाठवावा.

आपले,
प्राचीन प्राणिअवशेषांचे अभ्यासक