आईच्या माळ्यावरच्या बाटल्या

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, मागल्या खेपेला वावरात तुमच्या गाडीला लटकवलेली कोल्ड्रिंकची बाटली मी पाहिली. उन्हानं मऊ पडून तिला पोचा आला होता. पाण्याला प्लास्टिकचा वास. तुम्ही घटाघटा प्यालात आणि वर म्हणालात, "काय होतंय त्याला?"

लगेच काही होत नाही, खरंय. आई, तू पाठवलेला तो मेसेज, फ्रिजमधल्या बाटलीत डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं म्हणणारा, तोही खोटाच. गारव्यात प्लास्टिकमधून उलट कमी सुटतं. वैरी आहे तो आपला बेचाळीस अंशांचा मे महिना. बाटलीच्या बुडाला त्रिकोणात १ असेल तर ती पेट (PET) नावाच्या प्लास्टिकची. ते बनवताना वापरलेलं अँटिमनी नावाचं धातूसारखं द्रव्य उन्हात पाण्यात जास्त उतरतं. प्रमाण थोडंच असतं, पण रोज कशाला?

मला जास्त धास्ती घाणीची आहे. तुमच्या बाटलीचं झाकण काढून आट्यांवरून बोट फिरवलं, तर काळी बुळबुळ हाताला लागली. अरुंद तोंडात घासणी जात नाही, आणि उकळतं पाणी ओतलं तर बाटलीच आकसते. मग धुणार कशी?

ओट्यावरच्या वीस लिटरच्या जारवर ७ आहे, म्हणजे बहुतेक पॉलिकार्बोनेट, एक टणक प्लास्टिक. त्यातल्या बिस्फेनॉल-ए या रसायनाची रोजची सुरक्षित मर्यादा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये वीस हजार पटीनं खाली आणली. तो जार निदान उन्हातून आत घ्या. पोरं आली की त्यांना माठातलंच द्या.

आई, माळ्यावरच्या त्या तीस-चाळीस बाटल्या तू का टाकत नाहीस, मला कळतं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा घरात जे जे भांडं होतं ते भरून ठेवलंस तू. कुकरसुद्धा. तेव्हापासून रिकामी बाटली तुझ्या हातून सुटत नाही. राहू दे त्या. त्यात फिनेल भर, तुळशीला पाणी घाल. पिण्याचं तेवढं नको.

बाबांसाठी रुंद तोंडाची स्टीलची बाटली पाठवते आहे. बाबा, जड आहे म्हणून कोनाड्यात ठेवून देऊ नका. झाकणाची रबरी रिंग निघते, ती आठवड्यातून एकदा काढून धुवायची. आईला दाखवून ठेवा, तुम्ही विसरणार.

तुमची,
ताई