वाढवणच्या खडकावरची माणसे कोणत्या यादीत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराच्या बाजूने बोलताना एक मुद्दा हमखास पुढे केला जातो, तो असा की, बंदर समुद्रात १,४४८ हेक्टरांचा भराव टाकून उभे राहणार असल्याने त्यासाठी एकही गाव उठणार नाही. रस्त्यासाठी आणि रेल्वेसाठी जाणारी जमीन घटकाभर बाजूला ठेवली, तरी हा हिशेब जमिनीवर पोट असणाऱ्यांचा आहे.

ओहोटी लागली की आमच्याकडच्या बाया पाटी घेऊन खडकावर उतरतात, कालवे फोडतात, कपारींतून चिंबोऱ्या काढतात आणि पाणी चढायच्या आत परततात. त्यांच्याकडे ना बोट असते, ना परवाना, ना बहुधा मच्छीमार सोसायटीचे सभासदत्व. मग नुकसानभरपाईच्या तक्त्यात त्यांना कोणत्या रकान्यात बसवणार? याच खडकाच्या आसऱ्याने शेवंड (लॉबस्टर) वाढते, आणि उधाणाच्या लाटांचा जोरही तोच मोडतो. त्यापुढे १०.१४ किलोमीटरचा लाटरोधक बांध आला, तर पाणी आपली वाट कुठे काढील, ही धास्ती अडाणीपणाची नाही. किनाऱ्याची धूप म्हणजे काय, हे आमच्याच किनाऱ्यावरच्या सातपाटी गावच्या कोळ्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये नेमलेल्या, न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये येथील बंदर नाकारले होते. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये अटींसह संमती दिली. पुढे केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटींच्या खर्चाला मान्यता दिली आणि ३० ऑगस्टला भूमिपूजनही झाले. (पाण्यातल्या कामाचे ‘भूमिपूजन’ हा शब्द ऐकून गावात बरेच जण हसले.)

‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ ही गावांची घोषणा आजही भिंतींवर आहे आणि माझेही मत तेच आहे. मात्र संमतीच अटींवर मिळाली असेल, तर त्या अटी आणि त्यांच्या पालनाचा अहवाल मराठीत, दर तिमाहीला, किनाऱ्यावरील प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. आणि बोटीविना, पायी मासेमारी करणाऱ्यांची मोजणी भर ओहोटीच्या वेळी, प्रत्यक्ष खडकावर येऊन झाली पाहिजे. दुपारी कार्यालयात बसून केलेल्या यादीत त्या बाया सापडणार नाहीत.

आपला,
एक वाचक, ता. डहाणू, जि. पालघर