यंदा गणपतीला येत नाही, जानेवारीत येते

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

तिकीट पुढे ढकललंय. फोनवर सांगितलं असतं तर आई नुसतं ‘बरं’ म्हणाली असती आणि बाबांनी विषय बदलला असता, म्हणून लिहितेय.

इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या युद्धकाळातल्या आठवणी आम्ही जमवतोय, हे तुम्हाला ठाऊक आहे. १९४१ साली जी मुलं दहा वर्षांची होती, ती आज नव्वदीच्या बरीच पुढे आहेत. डब्लिनची थंडी सुरू व्हायच्या आत त्यांच्याकडे जायलाच हवं. दुसरं कुणी जाईलही, पण नव्या माणसासमोर ती पटकन बोलत नाहीत. माझी आता सवय झालीय.

बाबा, तुम्ही विचारलं होतंत, आयर्लंड तटस्थ होता, लढलाच नाही, मग सांगण्यासारखं काय असणार? चहाचंच घ्या. १९४१ मध्ये माणशी आठवड्याला अर्धा औंस मिळायचा, म्हणजे जेमतेम चौदा ग्रॅम. आई, तुझा एवढ्यात दोन दिवसांचासुद्धा चहा व्हायचा नाही. एक आजी सांगत होत्या, त्यांची आई उकळलेली पावडर खिडकीत वाळवून पुन्हा वापरायची. पाव काळा, भरड. काही बायका ते पीठ रेशमी मोज्यांतून चाळून पांढरं काढायच्या. गॅस ठरावीक तासच. बाकी वेळी नळीत उरलेल्या गॅसवर चोरून कपभर चहा करायचा, तर ‘ग्लिमर मॅन’, म्हणजे गॅस कंपनीचा तपासनीस, घरात येऊन शेगडीला हात लावून बघायचा, गरम आहे का म्हणून. मुलं कोपऱ्यावर पहारा द्यायची. आणि तटस्थ राहूनही ३१ मे १९४१ च्या पहाटे इथल्या नॉर्थ स्ट्रँड भागावर जर्मन बॉम्ब पडलेच. २८ माणसं गेली. एक आजोबा इथवर आले की थांबतात. त्यांना घाई करून चालत नाही, बाबा. असं काही कुठल्याच सरकारी कागदात सापडायचं नाही.

माझी काळजी करू नका. खोली उबदार आहे, कुकर आहे, भाजणी अजून अर्धा डबा शिल्लक आहे. रात्री भात करते तेव्हा मात्र बाबांच्या ताटातला पहिला घास आठवतो. ताप आला की तुम्ही मऊ भातावर तूप घालून भरवायचात, आणि आई ‘लाडावून ठेवलीय’ म्हणत स्वतःच आणखी तूप वाढायची.

आता ऐका. बाबा, साखरेची तपासणी गणपतीच्या आधी, नंतर नाही. रिपोर्टचा फोटो मला पाठवा, ‘सगळं ठीक’ एवढंच लिहून चालणार नाही. मागच्या वर्षीसारखं माळ्यावर कुणीही चढायचं नाही. मखर दादा येऊन काढेल, माझं बोलणं झालंय. रात्री बाथरूमचा दिवा चालूच ठेवा.

आई, आरतीला व्हिडिओ कॉल लाव, मी रजा टाकलीय. गुडघा दुखत असताना मोदक एकवीसच कर, बाकीचे विकत आणा. आणि त्यातले बाबांना दोनच द्यायचे.

तुमची,
चिऊ