आधी नाक, मग जीभ

यावल

प्रिय नाना,

परवा फोनवर तू वैतागून म्हणालास, "वाइनच्या बाटलीवर काय काय फळं लिहिलीयत, मला तर नुसतं आंबट-कडू लागलं." फोनवर दोन वाक्यांत सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून आज जेवणं उरकल्यावर निवांत लिहायला बसलो. तुझ्या जिभेत काही खोट नाही, भो. दिवाळीपासून गॅसजवळच्या कपाटात पडलेली रेड वाइन, पाण्याच्या पेल्यात काठोकाठ ओतून घटाघटा प्यायल्यावर कुणालाही तसंच लागलं असतं.

रेड वाइन घरातल्या तापमानाला प्यावी, हा नियम युरोपातल्या थंड घरांसाठी आहे. रेडला १६ ते १८ अंश पुरतात. आपल्या जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, आणि आता थंडीतही स्वयंपाकघर तापलेलंच. गरम वाइन नाकाशी नेली की अल्कोहोलचा भपका येतो, फळाचा वास त्याखाली दबतो. म्हणून रेडसुद्धा प्यायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायची. व्हाइट ८ ते १२ अंशांवर. घाई असेल तर बादलीत बर्फाबरोबर पाणीही घाल, नुसता बर्फ बाटलीला सगळीकडून टेकत नाही. मात्र फार गार केलीस तर वासच उठत नाही.

आता वासाचं, कारण खरी मजा तिथंच आहे. दांडीचा ग्लास घे, एक तृतीयांशच भर. न हलवता एकदा हुंग. मग ग्लास टेबलावरच ठेवून हळूहळू गोल फिरव आणि परत हुंग, छोटे छोटे श्वास घेत. दोन्ही वेळचा वास वेगळा येईल. लगेच नाव शोधायला जाऊ नकोस. आधी एवढंच ठरव: फळ आहे, मसाला आहे, हिरवा पाला आहे की लाकूड? मग त्यातलं कुठलं. चेरी आपण कधी खाल्ली नाही तर ती नाकाला सापडणार कुठून? मला शिराझ नावाच्या रेडमध्ये जांभूळ सापडतं, आणि तेवढं मला पुरतं.

हे वास कुणी मनचे लिहीत नाही, बरं का. सोव्हिन्यों ब्लां नावाच्या व्हाइटमध्ये ढोबळ्या मिरचीचा वास येतो, कारण ढोबळ्या मिरचीतलंच एक रसायन त्या द्राक्षातही असतं. शिराझमधला मिरीचा वास रोटंडोन नावाच्या द्रव्याचा, आणि काळ्या मिरीतही तेच द्रव्य आहे. गंमत म्हणजे साधारण पाचातल्या एका माणसाला हे रोटंडोन नाकाला कळतच नाही. तेव्हा मिरी नाही सापडली तर मनाला लावून घेऊ नकोस. व्हॅनिलाचा वास मात्र द्राक्षाचा नसतो, ओकच्या पिंपातून येतो.

मग घोट घे, लहानसा. लगेच गिळू नकोस, तोंडभर फिरव, ओठांतून थोडी हवा आत ओढ. कच्चं केळं चावल्यावर हिरड्या आवळतात ना, तसं झालं तर ते टॅनिन नावाचं तुरट द्रव्य. रेडमध्ये ते द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरतं. गालांत लाळ सुटली तर तो आंबटपणा, आणि वाइनला तो हवाच, नाहीतर ती मिळमिळीत लागते. गिळल्यावर नाकानं श्वास सोड. घशामागून वास परत वर येतो. तो किती वेळ टिकतो, त्यावर मी वाइन चांगली की साधी ते ठरवतो. ग्लासच्या कडेनं ओघळणारे थेंब दाखवून लोक दर्जा सांगतात. ते मुख्यतः अल्कोहोलमुळे होतं, तिकडे लक्ष देऊ नकोस.

जेवणाबरोबर काय, हे तू विचारलंस. आपल्या शेवभाजीबरोबर मी कुठलीच वाइन घेणार नाही. काळ्या मसाल्याचा तिखटपणा टॅनिन आणि अल्कोहोलनं आणखी भडकतो. भरिताची गोष्ट वेगळी. भाजलेल्या बामणोदच्या वांग्याचा धूर, शेंगदाणे, कांद्याची पात. मिरची बेतानं टाकली तर किंचित गोडसर, गार शेनिन ब्लां ही व्हाइट त्याच्याशी फार छान जमते. कळण्याची भाकरी असली तर विचारूच नकोस.

तू भरीत पार्टीला गाडीनं येतोच आहेस, तर वाटेत नाशिकला एक शेनिन ब्लां आणि एक शिराझ घे. तिकडे द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तुटतात. शेनिन घेताना बाटलीवरचं द्राक्षं तोडल्याचं वर्ष बघ, सगळ्यात ताजं असेल ते उचल. जुनी तितकी चांगली, हे थोड्याच वाइनच्या बाबतीत खरं आहे. बाटल्या उन्हात डॅशबोर्डवर ठेवू नकोस, आणि अत्तर लावून येऊ नकोस. दांडीचे चार ग्लास मात्र आण, शेतावर आपल्याकडे फक्त स्टीलचे पेले आहेत. चारपर्यंत पोच. शेतात वांगी भाजायला कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या की धुरापुढे दुसरा वासच लागत नाही, म्हणून दोन्ही बाटल्या आपण त्याआधीच उघडू.

तुझा,
भाऊ