दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना, २७ दाण्यांबद्दल

काकू, तुम्ही मोबाईल हातात धरत नाही ते माहितीये, पण सूनबाई वाचून दाखवतील म्हणून इथेच लिहितोय. तोंडावर थँक्यू म्हटलं असतं तर तुम्ही "पुरे रे" म्हणून दार लावलं असतंत.

तर झालं असं की आषाढाच्या पहिल्या दिवशी लेकीच्या शाळेत पाठांतर होतं, कालिदासाच्या मेघदूताचे पहिले दोन श्लोक, म्हणजे शाप मिळून वर्षभर बायकोपासून दूर अडकलेल्या यक्षाची गोष्ट. मला वाटलं त्यात काय, आपण दहावीला वृत्तांचे मार्क एकही न घालवता मिळवलेत, गण लक्षात ठेवायचं यमाताराजभानसलगम् अजून झोपेत म्हणू शकतो, मेघदूताचं वृत्त मंदाक्रांता म्हणजे गण म भ न त त ग ग, ओळीत अक्षरं १७, यति म्हणजे थांबे ४, ६, ७ अक्षरांवर. सगळं पाठ. आणि तरी लेक म्हणायला लागली की दर ओळीत कुठेतरी खड्डा लागायचा, का ते कळेना. लिफ्ट बंद होती, जिना चढताना पण आमचं तेच चाललेलं, आणि तुमच्या उघड्या दारातून आवाज आला, "अरे विरह् काय, विरह म्हण! एक अक्षर गिळलंस."

खरंच गिळत होतो! मराठीत आपण शब्दाच्या शेवटचा अ खाऊनच टाकतो ना, घर म्हणजे घर्, तीच सवय तिथे. पहिलीच ओळ 'कश्चित्कान्ताविरहगुरुणा स्वाधिकारात्प्रमत्तः', त्यातल्या 'विरहगुरुणा' मधला ह पाय मोडून म्हटला की पाच लघूंचे (एका मात्रेची अक्षरं, गुरू म्हणजे दोन मात्रांची) चारच राहतात आणि ओळ लंगडते. इतकी वर्षं कागदावर लघु-गुरूच्या खुणा करत आलो, कानाला कधी विचारलंच नाही.

मग तुम्ही आम्हाला आत बसवलंत, तुमचं बिरडं सोलणं चालूच होतं. लघूला एक वाल, गुरूला दोन. कश्, चित्, कान्, ता, चारही गुरू, आठ दाणे, आणि लेकीला म्हणालात घाई नको, यक्षाला कुठे जायचंय, वर्षभर अडकलाय बिचारा. मग वि र ह गु रु एकेक दाणा टपटप, णा ला दोन, आणि पुढे 'स्वाधिकारात्प्रमत्तः' डुलत डुलत. 'कश्' मधला अ तर ऱ्हस्व, मग दोन दाणे का, असं लेकीने विचारलं तर तुम्ही म्हणालात की मागून जोडाक्षर येतंय ना, ते आपल्या आधीच्या अक्षराला धक्का देतं. हे एवढं सोपं मला कुणी सांगितलंच नव्हतं!

एका ओळीचे २७ दाणे भरले. चार ओळींचे १०८. मी लगेच जपमाळ, नक्षत्रं वगैरे सुरू केलं आणि तुम्ही एका वाक्यात गप्प केलंत, "गुणाकार आहे तो, चमत्कार नाही." पण शेवटच्या ओळीत 'रामगिर्याश्रमेषु' ला मी १०७ वर अडकलो, कारण षु लघु. तुम्ही हसून एक दाणा जास्तीचा ठेवलात, पादाच्या, म्हणजे ओळीच्या, शेवटी थांबतोस ना, ती थांबण्याची मात्रा त्याचीच.

त्या दिवसापासून मला मोजायचा नादच लागलाय. परवा गायत्री मंत्राची अक्षरं बोटांवर मोजली तर २४ ऐवजी २३ च भरली, धावत खाली आलो. तुम्हाला त्यात काही नवल वाटलं नाही, म्हणालात पहिल्या पादात आठऐवजी सातच आहेत, 'वरेण्यं' मोजताना 'वरेणियं' धरायचं, वृत्तांचे नियम लिहिणाऱ्या जुन्या पिंगलाने छंदःशास्त्रात तशी सोयच करून ठेवलीये, म्हणताना मात्र वरेण्यंच. म्हणजे हा घोळ माझ्या आधी कितीतरी शतकं लोकांना पडून गेलेला, बरं वाटलं जरा.

लेकीला नंबर नाही आला. दुसऱ्या श्लोकात एक ओळच विसरली. पण स्टेजवर 'विरहगुरुणा' आलं तेव्हा तिची बोटं फ्रॉकवर टपटप पाच वेळा पडली ती मी बघितली, आणि ह पूर्ण उमटला.

लिफ्ट कालपासून सुरू झालीये. वाल भिजत घातलेत, रविवारपर्यंत मोड येतील. सोलायला आणि तिसरा श्लोक सांगायला वर या.