रागवायचं असेल तर रिक्षात रागवा

प्रिय आई-बाबा,
प्रभूच्या नावाने सलाम.

वडगाव शेरीहून नाना पेठेत पत्र कसलं पाठवते, म्हणून हसाल. पण फोनवर गुडघ्याचा विषय काढला की आईला नेमकं गॅसवरचं दूध आठवतं, आणि बाबा "घे, हिच्याशीच बोल" म्हणून मोकळे होतात.

रविवारी उपासनेनंतर मी बघत होते. आई, तू सगळ्या मंडळीला चहा दिलास, कोणाच्या सुनेचं बाळंतपण, कोणाच्या मुलाची नोकरी, सगळं विचारलंस. तुझा कप मात्र खिडकीत साय धरून बसला होता. 1890 साली याच पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांनी पुढे ठेवलेल्या चहावरून टिळक-रानड्यांवर जातिबहिष्काराचं ग्रामण्य आलं होतं. तुला कोणी वाळीत टाकणार नाही गं, बसून गरम घे. मग आजारी बाईंचा डबा घेऊन निघालीस, तेव्हा जिन्यात कठडा धरून दर दोन पायऱ्यांवर थांबत होतीस. बीपीची गोळी घेतलीस का विचारलं, तर "घरी गेल्यावर".

बाबा, तुम्हीही पवित्र शास्त्र वाचताना पुस्तक उजेडाकडे तिरकं धरता आणि अडलेली ओळ पाठांतरावर निभावून नेता. मोतीबिंदू पिकू द्यायचा म्हणता, पण हल्ली कोणी त्याची वाट बघत नाही. फार पिकला तर काढणं उलट अवघड जातं. सकाळी शस्त्रक्रिया झाली की बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात.

तुमचं उत्तर मला माहीत आहे: "शेवटल्या काळी माणसं स्वतःवर प्रीती करणारी होतील, असं प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पत्रात लिहिलंय." लिहिलंय खरं. पण त्याच ओळीत पुढे धनलोभी आणि बढाईखोर येतात. वेळेवर गोळी घेणारी आणि डोळे तपासून घेणारी माणसं त्या यादीत कुठे आहेत? त्याच तीमथ्याला पौलाने आधीच्या पत्रात पोटासाठी आणि वरचेवरच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं. द्राक्षारसाचा आग्रह मी धरत नाही, गोळीवर भागेल.

आणि आईचं ते "स्वतःला नाकारावं, वधस्तंभ उचलावा". तो प्रभूच्या मागे जाताना वाट्याला येतो. सुजलेला गुडघा दाखवायचाच नाही, याला वधस्तंभ म्हणणं मला पटत नाही. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, असं प्रभू म्हणाला. स्वतःचं जेवण-झोप मोजायचीच नसेल, तर शेजाऱ्याला कोणत्या मापाने देणार?

मला सारखा एलीया संदेष्टा आठवतो. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवला, आणि ईजबेल राणीच्या धमकीनंतर रानात झुडपाखाली बसून "आता पुरे, प्रभू, माझा प्राण घे" म्हणाला. देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं. दूताने उठवलं तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खाऊन परत झोपला, तरी कोणी आळशी म्हटलं नाही. दूताने पुन्हा उठवून खाऊ घातलं, कारण पुढची वाट लांबची होती. होरेब डोंगरावरचं देवाचं बोलणं त्यानंतरचं. आपल्याकडे थकलेल्या माणसाला आधी "प्रार्थना कर" सांगतात. प्रार्थना करावीच, पण भाकर आधी आली होती, हे विसरतो आपण.

शिष्यांनाही लोकांच्या वर्दळीत जेवायला सवड उरली नव्हती, तेव्हा प्रभूनेच त्यांना एकांती चलून थोडा विसावा घ्यायला सांगितलं. ते काम सोडून पळाले, असं कोणी म्हणत नाही.

तर शनिवारी सकाळी दहाला रिक्षा घेऊन येते. आधी बाबांचे डोळे, मग आईचा गुडघा. बाबा, चष्म्याचे जुने कागद काढून ठेवा. आई, महिला मंडळात मी बोलले आहे. या आठवड्यातल्या भेटी दुसऱ्या दोघी करतील, डब्यासकट. मला न विचारता कशाला ठरवलंस, म्हणून रागवायचं असेल तर रिक्षात रागव, वेळ भरपूर मिळेल.

तुमची लेक